दिवसाची ओव्हर

दवाखान्यात पाळी बदलते तेव्हा जाणारी परिचारिका येणारीला ‘ओव्हर’ देते. शब्द इंग्रजीतून आला असला तरी आता तो आपल्याकडच्या वॉर्डांचाच झाला आहे. दोघी एकेका खाटेपाशी उभ्या राहतात. खाट चार : काल दाखल, ताप १०२, दुसरी सलाईन चालू, रक्ताचा रिपोर्ट यायचा आहे. खाट पाच : रात्री दोनदा उलटी, बीपी ९० वर ६०, डॉक्टरांना कळवले, लघवीवर लक्ष ठेवायचे. पंधरा-वीस मिनिटांत अख्खा वॉर्ड एकीच्या डोक्यातून दुसरीच्या डोक्यात जातो. रजिस्टरवर सही होते आणि जाणारी मोकळी होते.

निदान कागदावर तरी मोकळी होते. पेशंटचे जे घडले ते सगळे ती देऊन जाते. तिचे स्वतःचे जे घडले ते मात्र कोणी घेत नाही. तीनदा टोचूनही शिर सापडली नाही, नातेवाईक अंगावर धावून आले, चार माणसांत बोलणी खावी लागली, सकाळी बोलत असलेला माणूस दुपारी गेला. हे सगळे तिच्याबरोबर एस.टी.त बसते, घरी येते आणि रात्री उशाशी एकच वाक्य म्हणत राहते : आपल्याला हे काम जमत नाही. हे वाक्य कुठून येते, त्यात खरे किती असते आणि ते मनात असताना दुसऱ्या दिवशी पाळीवर कसे जायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मी वैद्यकीय क्षेत्रातला माणूस नाही. रिसोडला राहतो, शिक्षण वाणिज्य शाखेचे, बाकी जे काही शिकलो ते ग्रंथालयांतून आणि माणसांकडून. पुतणी परिचारिका झाली आणि तिच्या फोनांमुळे मी या विषयाकडे वळलो. त्याला आता काही वर्षे झाली. या काळात जे वाचले आणि ओळखीच्या परिचारिकांकडून जे ऐकले, ते येथे मांडतो आहे.

पुतणीच्या नोकरीच्या पहिल्या वर्षातला एक फोन मला चांगला आठवतो. रात्रपाळी संपवून ती नुकतीच बाहेर पडली होती. “काका, मले नाई जमत हे काम. सोडूनच द्यावं वाटते,” एवढेच आधी बोलली. मग हळूहळू रात्र उलगडली. दोन पेशंट एकदम दाखल झाले, म्हणून एका आजोबांचे इंजेक्शन चाळीस मिनिटे उशिरा गेले. एका बाईंना इंट्राकॅथ लावताना तिसऱ्या प्रयत्नात शिर मिळाली. पहाटे किडनीच्या जुन्या आजाराचा एक पेशंट दगावला. आणि सकाळी नातेवाइकांच्या देखत तिला ऐकून घ्यावे लागले.

नीट पाहिले तर या चार वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. उशिरा गेलेले इंजेक्शन हा मनुष्यबळाचा प्रश्न. शिर न सापडणे हा नवखेपणाचा. मृत्यू आजाराचा. आणि चारचौघांतली बोलणी हा त्या ठिकाणच्या रीतीचा. तिच्या मनाने मात्र चारही रकमा एकाच नावावर मांडल्या आणि खाली बेरीज लिहिली : मी नालायक. वाईट दिवसानंतरची शंका ही बहुधा अशीच चुकीच्या खात्यावर मांडलेली बेरीज असते. म्हणून खाती वेगळी करणे हे पहिले काम.

नवखेपणाचे खाते आधी घेऊ. अमेरिकेतल्या मार्लीन क्रेमर यांनी १९७४ साली ‘रिअॅलिटी शॉक’ हे पुस्तक लिहिले. नव्या परिचारिका नोकरी का सोडतात, हा त्याचा विषय. शाळेत शिकवलेली परिचर्या आणि वॉर्डात करावी लागणारी परिचर्या यांतल्या अंतराचा तो धक्का असतो, असे त्यांचे म्हणणे. कॉलेजात एका पेशंटची अंघोळ, ड्रेसिंग, नोंद असे सगळे शांतपणे शिकवतात. वॉर्डात तेच काम डझनभर पेशंटचे, आणि मध्येच फोन, मध्येच औषधांचा इंडेंट. पुढे १९८४ मध्ये पॅट्रिशिया बेनर यांनी परिचारिकेच्या वाढीच्या पाच पायऱ्या मांडल्या : नवखी, शिकाऊ, सक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ. नवखी परिचारिका नियमांवर चालते. बीपी इतके झाले तर कळवायचे, हे तिला पाठ असते. तज्ज्ञ परिचारिका आकडे बदलण्याआधीच म्हणते, “हा पेशंट मला बरोबर वाटत नाही.” ही नजर तिला शेकडो पेशंट पाहून आलेली असते. पहिल्या वर्षातली मुलगी आपली तुलना पंधरा वर्षे काढलेल्या सिस्टरशी करते आणि दोघींतले अंतर म्हणजे आपली अपात्रता, असे समजते. खरे तर ते केवळ वर्षांचे अंतर असते. बेनर यांच्या मांडणीतली आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे : अनुभवी परिचारिकाही वॉर्ड बदलला की पुन्हा खालच्या पायरीवर येते. बाळंतपणाच्या विभागात नावाजलेली सिस्टर अतिदक्षता विभागात गेली की काही महिने तिचे हात अडखळतात. यात तिची पत कमी होत नाही.

दुसरे खाते मनुष्यबळाचे. येथे थोडा हिशेब करू. एक परिचारिका चोवीस तास, वर्षभर हजर ठेवायची तर तीन पाळ्यांप्रमाणे वर्षाला १०९५ पाळ्या भरायच्या. एका व्यक्तीला आठवड्याची सुट्टी धरून ५२ आणि समजा बाकीच्या सगळ्या रजा मिळून ३० दिवस जातात. उरले २८३. म्हणजे वॉर्डात एक परिचारिका सतत दिसायची तर पटावर जवळजवळ चार हव्यात. आपल्या तालुक्यांतली ग्रामीण रुग्णालये साधारण तीस खाटांची असतात. तेथे आठ परिचारिका असल्या तरी एका वेळी दोनच हाती लागतात. एक प्रसूतिगृहात अडकली की उरलेल्या सगळ्या खाटा, शिवाय दारात आलेला अपघात, एकटीवर. यातली एखादी जागा रिकामी असली, एखादी प्रसूती रजेवर असली, तर काय होते ते वाचकांनीच ताडावे. चाळीस मिनिटांचा उशीर बरेचदा येथून येतो.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी अपघातांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांनी भोके असलेल्या चीजच्या चकत्यांचा दाखला दिला. आपण चाळण्यांचा घेऊ. एकापुढे एक पाच-सहा चाळण्या धरल्या तर एकीच्या भोकातून सुटलेला दाणा पुढची अडवते. सगळ्यांची भोके एका रेषेत आली, तरच दाणा आरपार जातो. औषधाच्या बाबतीत डॉक्टरांचे अक्षर, औषधभांडारातला साठा, सारख्या दिसणाऱ्या बाटल्या, पाळीचे तास, वॉर्डातली गर्दी आणि शेवटी परिचारिकेचा हात, या त्या चाळण्या. तिचा हात शेवटचा असतो, म्हणून दिसतो तेवढाच. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच नियम प्रत्येक परिचारिका घोकते. पण ते पाचही पाळता यावेत इतका वेळ तिला देणे, हे तिच्या एकटीच्या हातात नसते.

विदर्भाने याचे फार दारुण उदाहरण पाहिले आहे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागात आग लागली. दहा बाळे दगावली, सात वाचवता आली. पुढे चौकशी झाली, कारवाई झाली. तिच्यात डॉक्टरांबरोबर परिचारिकाही होत्या. इमारतीच्या अग्निसुरक्षेचे प्रश्नही तेव्हा चर्चेत आले. कोणाचा दोष किती, हे ठरवणे माझे काम नाही. त्या दहा आयांच्या दुःखापुढे दुसऱ्या कशाचीही तुलना होऊ शकत नाही, हेही खरे. पण त्यानंतर राज्यभरच्या परिचारिकांच्या मनात एक प्रश्न बसला : वायरिंग, यंत्रे, दारे, माणसे यांतले काहीच माझ्या हातात नसताना त्या रात्री पाळी माझी असती तर? ही भीती व्यवस्थेच्या भोकांतून येते आणि रात्री मात्र स्वतःविषयीच्या शंकेचे रूप घेते.

तिसरे खाते खऱ्या चुकीचे. ते नाकारून चालणार नाही. माणसे चुकतात आणि परिचारिकेच्या चुकीची किंमत दुसऱ्याच्या शरीराला मोजावी लागते. १८ मार्च २००० च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रीझन यांच्या चाळण्यांबरोबरच आणखी एक छोटा लेख होता, डॉ. आल्बर्ट वू यांचा. चूक घडल्यावर पहिला बळी रुग्ण, पण ज्याच्या हातून ती घडली तो दुसरा बळी, असे त्यांनी म्हटले. पुढे काही रुग्णांच्या नातेवाइकांनी या शब्दाला आक्षेप घेतला. ‘बळी’ म्हटल्याने जबाबदारी पुसली जाते, हा त्यांचा मुद्दा. तो मला पटतो. तरी वू यांनी दाखवलेली अवस्था खरी आहे. अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठाच्या सुसान स्कॉट, ज्या स्वतः परिचारिका, यांनी २००९ मध्ये अशा ३१ जणांच्या मुलाखतींवरून या अवस्थेचे सहा टप्पे मांडले. आधी गोंधळ, मग तोच प्रसंग मनात पुन्हा पुन्हा येणे, मग सहकारी आपल्याविषयी काय म्हणतील ही काळजी आणि गमावलेला विश्वास परत मिळवण्याची धडपड, मग चौकशी, मग आधाराचा शोध, आणि शेवटी तीन वाटा. काही जण ते काम किंवा ती जागा सोडतात, काही जण आतून दुखत राहून काम ओढतात, आणि काही जण त्या घटनेतून काही शिकून पुढे जातात. जवळच्या सहकाऱ्याचे शब्द वेळेवर मिळाले तर माणूस लवकर सावरतो, हाही त्यांच्या कामाचा धडा आहे.

मग हे शब्द सहज का मिळत नाहीत? एक कारण दवाखान्याच्या घडणीत आहे. इझाबेल मेन्झीस यांनी लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयाचा अभ्यास करून १९६० साली मांडले की, मृत्यू आणि वेदना यांची भीती इतकी मोठी असते की दवाखाने ती टाळण्याच्या रीती तयार करतात. कामाचे तुकडे पाडतात, पेशंटला नावाऐवजी खाटेने ओळखतात, परिचारिकेला एका वॉर्डातून दुसऱ्यात हलवत राहतात. भीती झाकली जाते, पण कमी होत नाही, आणि शिकणाऱ्या मुलींना त्याचा त्रासच होतो. त्या रुग्णालयात जवळपास एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडत होत्या.

दुसरे कारण आपल्या समाजाचे. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले आणि ससून रुग्णालयात मुलींना, विधवांना परिचर्येचे शिक्षण मिळावे म्हणून खटपट केली, तेव्हा परक्या माणसाच्या शरीराला हात लावणारे काम घरंदाज स्त्रीने करावे का, यावरच मोठा आक्षेप होता. त्याला उत्तर म्हणून ‘सेवा’ हा शब्द फार उपयोगी पडला. त्याने दारे उघडली. पण त्याच शब्दाचे पुढे ओझे झाले. १२ मे रोजी, परिचारिका दिनाला, आपण तिला देवी म्हणतो. देवीला शंका येत नाही, तिचे पाय दुखत नाहीत, तिला रडू येत नाही. कामगार म्हणून तिला थकवा मान्य असता. देवी झाल्यावर तो कबूल करणेही कठीण होते.

ज्यांच्या जन्मदिवशी हा दिन साजरा होतो, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचीच गोष्ट पाहा. नोव्हेंबर १८५४ मध्ये त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. त्या हिवाळ्यात तेथे सैनिक जखमांपेक्षा रोगांनी कितीतरी अधिक संख्येने मेले. मार्च १८५५ मध्ये स्वच्छता आयोग आला, इमारतीखालची गटारे साफ झाली आणि मृत्यू झपाट्याने घटले. परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने त्यांनी आकडे तपासले, तेव्हा अस्वच्छतेचा वाटा त्यांना स्पष्ट दिसला. १८५७ मध्ये त्या कोसळल्या आणि पुढे कित्येक वर्षे अंथरुणाला खिळल्या. आपल्या डोळ्यांसमोर माणसे टाळता येण्याजोग्या कारणाने मेली, या जाणिवेचा त्यात वाटा होता, असे ह्यू स्मॉल या चरित्रकाराचे मत आहे. इतर अभ्यासक ते मान्य करत नाहीत, शारीरिक आजाराकडे बोट दाखवतात. कारण काहीही असो, त्यांनी पुढे काय केले ते निर्विवाद आहे. त्यांनी प्रश्न ‘मी कशी’ यावर न ठेवता ‘माणसे कशाने मेली’ यावर नेला, तक्ते काढले आणि इंग्लंडच्या लष्करी रुग्णालयांची व्यवस्था बदलायला लावली.

धैर्य असले की शंका येत नाही, असेही नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अंजली कुलथे यांनी आपल्या वॉर्डातल्या वीस गरोदर स्त्रियांना अतिरेक्यांच्या गोळ्यांपासून वाचवले. पुढे त्यांनी कसाबला ओळखले, साक्ष दिली, डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोरही बोलल्या. तरीही त्या रात्रीची दहशत नंतर आपल्या मनात राहिली, हे त्यांनी सांगितले आहे. त्यांच्यासारखीला हे सांगता येते, तर साध्या वॉर्डातल्या साध्या वाईट दिवसाविषयी बोलायला कोणाला कमीपणा का वाटावा?

आता उपायांकडे येतो. माझ्या पुतणीला उपाय मी दिला नाही. तो तिच्या वॉर्डातल्या परिसेविकेने, म्हणजे इन्चार्ज सिस्टरने, दिला. दोन दिवसांनी तिने हिला चहाला बाजूला घेतले आणि म्हटले, “आता तुझी ओव्हर दे.” पुतणी म्हणाली, “सिस्टर, माझं सगळंच चुकलं.” त्यावर सिस्टर म्हणाल्या, “खाट पाच ‘सगळीच वाईट’ आहे, अशी ओव्हर देतेस का कधी? बीपी सांग, सलाईन सांग, काय राहिलं ते सांग.”

मला वाटते, या एका वाक्यात पुस्तकांतले बरेच काही आले. ओव्हरमध्ये विशेषणे नसतात. काय झाले, काय केले, काय राहिले, कोणाला कळवायचे, एवढेच असते. स्वतःच्या दिवसाचीही तशीच ओव्हर देता येते. ‘मला शिरा सापडत नाहीत’ हा निकाल आहे. ‘म्हाताऱ्या माणसांच्या हलणाऱ्या शिरा मला अजून पकडता येत नाहीत, त्या आधाराने कशा धरायच्या ते अमुक सिस्टरकडून शिकायचे’ हे बाकी राहिलेले काम आहे. निकालावर काही करता येत नाही. कामावर करता येते. ‘इंजेक्शन उशिरा गेले’ यापुढे ‘कारण दोन पेशंट एकदम आले, रजिस्टरला नोंद केली, इन्चार्जना कळवले’ असे लिहिले की ते ज्याच्या खात्याचे त्याच्या खात्यावर जाते. आणि ‘पेशंट गेला’ यापुढे करायचे काही उरत नसेल, तर तेथे फक्त दुःख उरते. दुःख आणि दोष यांत फरक आहे, हे एकदा कळले की रडणेही सोपे होते.

शंका पूर्ण जावी, अशी इच्छा मात्र धरू नये. औषध भरण्याआधी लेबल पुन्हा वाचायला लावणारी शंकाच असते. जिला कधीच शंका येत नाही, तिच्या वॉर्डात आपला माणूस ठेवायला मी कचरेन.

ही ओव्हर कधी द्यायची, यालाही वेळकाळ आहे. रात्रपाळी करून आलेल्या मनाचा निकाल ग्राह्य धरू नये. आधी जेवण, अंघोळ, झोप. नोकरी सोडायची की नाही, हे त्यानंतर. आणि जबरदस्ती नको. आघातानंतर लगेच एकदा बसवून सगळे बोलते केले की पुढचा मानसिक त्रास टळतो, असे पूर्वी मानत. या पद्धतीवरच्या अभ्यासांचा ‘कोक्रेन’ने २००२ मध्ये आढावा घेतला, तेव्हा तसा फायदा दिसला नाही. म्हणून ‘बोल, काय झालं, सगळं सांग’ असे खोदण्यापेक्षा ‘सांगावंसं वाटलं तर मी आहे’ हे बरे. दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, पाळीवर जायच्या विचाराने छातीत धडधडत असेल, जगण्याचा कंटाळा येत असेल, तर मात्र हे घरगुती उपायांचे काम नाही. डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य चालते.

आमच्यासारख्या गावात याला एक वेगळी बाजू आहे. शहरात परिचारिका पाळी संपवून गर्दीत मिसळते. रिसोडसारख्या ठिकाणी कालच्या पेशंटचा भाऊ आज बाजारात भेटतो. पेशंट पुढे वाशिमला किंवा अकोल्याला पाठवावा लागला आणि वाटेत काही झाले, तर ते तिच्या नावासह चार दिवस चौकात बोलले जाते. येथे वाईट दिवस संपायला वेळ लागतो. पण गाव लहान असण्याचा फायदाही आहे. तोच भाऊ कधी तरी थांबून म्हणू शकतो, “सिस्टर, तुमी लई केलं आमच्या मायसाठी.” हे म्हणायला पैसे पडत नाहीत, आणि बहुतेक जण ते मनात ठेवतात, म्हणत नाहीत.

हा अंक वाचकांच्या हाती असेल त्या दिवसांत वॉर्डांत फटाक्यांनी भाजलेली मुले येत असतील. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पाळीवर असलेली कोणाची सून, कोणाची लेक पाडव्याच्या सकाळी घरी येईल. कदाचित ती गप्प असेल. अशा वेळी ‘मनावर घेऊ नकोस’ किंवा ‘सवय होईल’ एवढे म्हणून आपण सुटका करून घेतो. पहिल्याने तिचे म्हणणे उडवले जाते आणि दुसऱ्याने तिने दगड व्हावे, अशी अपेक्षा धरली जाते. तिला आधी खाऊ घालावे, झोपू द्यावे. नंतर तिला बोलावेसे वाटले, तर ओव्हर घेणारीचे काम करावे : उभे राहायचे, नीट ऐकायचे, काय राहिले आहे ते विचारायचे. सल्ला देणे त्या कामात येत नाही.